धाराशिवला उपग्रहाचं इंटरनेट येतंय, पण कुणी मुद्दाम सिग्नल दाबला तर?

तेरणाकाठ:

मंडळी, रामराम.

नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारनं स्टारलिंकसोबत आशयपत्रावर सही केली. दुर्गम भागातल्या सरकारी संस्था आणि गावांना उपग्रहावरून इंटरनेट द्यायचं ठरलंय, आणि गडचिरोली, नंदुरबार, वाशीम यांच्या जोडीला आपल्या धाराशिवचंही नाव त्यात आहे. वाचून मनापासून आनंद झाला. मी बावीस वर्षांपासून व्हीसॅटच्या, म्हणजे उपग्रहाशी जोडणाऱ्या छोट्या छत्र्या बसवतो, दुरुस्त करतो. बँकेच्या शाखा, पेट्रोल पंप, साखर कारखाने, सगळीकडं फिरलोय. सप्टेंबर २०२५ च्या पुरात आमच्याकडच्या टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या, फायबर तुटलं. मी ज्या पंपावर अडकलो होतो तिथली एकटी छत्री तेवढी चालू होती. दोन रात्री आसपासची माणसं चिखल तुडवत तिथं येऊन पुण्या-मुंबईच्या लेकरांना "आम्ही बरे आहोत" एवढा निरोप द्यायची.

म्हणूनच हा धागा. ज्या लाइनीवर जीव टांगलेला असतो ती कुणी मुद्दाम बंद पाडली तर? आणि ती पाडता येते, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं.

मुळात गोष्ट अशी आहे. आपले जुने दळणवळणाचे उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. त्यातले बरेचसे खालून आलेला सिग्नल घेतात, त्याची फ्रिक्वेन्सी बदलतात, ताकद वाढवतात आणि खाली सोडतात. सी बँडमध्ये साधारण ६ गिगाहर्ट्झवर चढतो, ४ वर उतरतो. केयू बँडमध्ये १४ वर चढतो आणि ११-१२ वर उतरतो. सप्ताहातला भोंगा आठवा. माइकजवळ जो मोठ्यानं बोलेल त्याचाच आवाज सगळ्या गावात जाणार. महाराज बोलताहेत की मधेच कुणी घुसलंय, हे भोंग्याला कळत नाही. या उपग्रहाचंही तसंच. त्याच ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे उपग्रहातल्या सिग्नल घेऊन परत सोडणाऱ्या त्याच यंत्रावर, दुसऱ्या कुणी जास्त ताकदीचा सिग्नल सोडला की आपला त्याच्याखाली दबतो.

जाणकारांनी लिहावं. संरक्षण कसं करतात, आणि त्यातलं आपल्या आरोग्य केंद्राच्या वाट्याला काय येतं?

बालाघाटचा_पोऱ्या:

दादा, माझा प्रश्न सरळ आहे. धाराशिवच्या एखाद्या शाळेचा सिग्नल कोण आणि कशासाठी जॅम करणार? आपण उगीच घाबरायलोत का?

तेरणाकाठ:

प्रश्न रास्त आहे. शाळेवर कुणी नेम धरणार नाही, पण नेम दुसरीकडं असला तरी फटका आपल्याला बसू शकतो. जॅमिंग दोन जागी होतं. एक, खाली उतरणाऱ्या सिग्नलवर. तिथं जॅमर तुमच्या छत्रीच्या आसपासच लागतो आणि नुकसान तेवढ्या टापूपुरतं राहतं. दुसरं, चढणाऱ्या सिग्नलवर. तिथं बिघाड उपग्रहाच्या कानातच होतो, त्यामुळं त्या ट्रान्सपॉन्डरवर असलेले सगळे बसतात. मग ती दिल्लीची वाहिनी असो नाहीतर भूमच्या बँकेची शाखा.

शेजारधर्मानं मार कसा बसतो याचं एक उदाहरण सांगतो. हे जॅमिंग नाही, मोडेमवरचा सायबर हल्ला आहे, पण मुद्दा तोच. २४ फेब्रुवारी २०२२, युक्रेनवर रशियाचं आक्रमण सुरू झालं तो दिवस. त्या पहाटे युरोपला इंटरनेट देणाऱ्या का-सॅट उपग्रहाच्या ग्राहकांचे हजारो मोडेम एकाच वेळी निकामी झाले. हल्लेखोर जमिनीवरच्या व्यवस्थापनाच्या नेटवर्कमध्ये शिरले आणि तिथून मोडेमच्या मेमरीवरच घाण लिहिली. रोख युक्रेनवर होता. पण जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांचा देखरेखीचा संपर्क तुटला. पवनचक्क्या फिरत होत्या, फक्त लांबून बघता येत नव्हत्या. तुमच्या बालाघाटाच्या माथ्यावर किती पवनचक्क्या आहेत ते तुम्हीच बघा.

माजी_सिग्नलमन_बीड:

जय हिंद. चोवीस वर्षं सिग्नल कोरमध्ये काढली, आता गावाकडं शेती बघतो. कामाच्या बारीक गोष्टी लिहिणार नाही, पण जे पुस्तकात छापलेलं आहे ते सांगायला हरकत नाही.

जॅमिंगपासून वाचायचा जुना आणि पक्का उपाय म्हणजे एका जागी न थांबणं. फ्रिक्वेन्सी हॉपिंग. पाठवणारा आणि ऐकणारा दोघांकडं एकच गुप्त क्रम असतो आणि त्या क्रमानं दोघं मिळून सेकंदाला कितीतरी वेळा फ्रिक्वेन्सी बदलतात. क्रम ज्याला माहीत नाही त्यानं एका जागी कितीही ताकद ओतली तरी त्याला आमच्या बोलण्याचा एखादाच तुकडा सापडतो. तेवढा तुकडा चूक-दुरुस्तीच्या कोडमधून भरून निघतो. या कल्पनेचं एक पेटंट ११ ऑगस्ट १९४२ चं आहे, हेडी लामार ही चित्रपट अभिनेत्री आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार या दोघांच्या नावावर. पाणतीराला रेडिओवरून दिशा देताना शत्रूनं अडवू नये म्हणून त्यांनी ८८ फ्रिक्वेन्सींचा विचार केला होता. पियानोला पट्ट्याही ८८ असतात. ट्रेनिंगला असताना आमच्या उस्तादांनी हे सांगितलं तेव्हा पूर्ण वर्ग गप्प झाला होता.

दुसरा उपाय पसरवण्याचा. समजा तुमचा निरोप सेकंदाला १० हजार बिटचा आहे. तो तेवढ्याच जागेत न पाठवता १० मेगाहर्ट्झवर पातळ करून पसरला, तर ऐकणारा तो गोळा करताना त्याला हजारपट फायदा मिळतो. आमच्या भाषेत ३० डेसिबल. जॅमरला तेवढीच जास्त ताकद लावावी लागते. किंमत मात्र मोजावी लागते. त्या १० मेगाहर्ट्झमध्ये एरवी व्हिडिओ गेला असता, आता साधा मजकूर आणि आवाज जातो. सैन्यात ही किंमत आनंदानं देतात. "रसद संपली" हे दोन शब्द पोहोचले तरी पुरे असतं.

तिसरा, कान वळवण्याचा. उपग्रहाच्या अँटेनाला अनेक छोटे भाग दिले की तो आपल्या मुलखाकडं कान लावतो आणि जॅमर जिथून ओरडतोय त्या दिशेला बहिरा होतो. त्याला नलिंग म्हणतात. यासोबत मोठ्या बीमऐवजी छोटे स्पॉट बीम, म्हणजे छोट्या टापूपुरतेच झोत, ठेवले की बाहेरच्या मुलखातून ओरडणाऱ्याचा आवाज मुळातच कमी पोहोचतो.

आपल्या सैन्याचे वेगळे उपग्रह आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. नौदलासाठी जीसॅट-७ ऑगस्ट २०१३ मध्ये गेला, हवाई दलासाठी जीसॅट-७ए डिसेंबर २०१८ मध्ये, आणि २ नोव्हेंबर २०२५ ला श्रीहरिकोट्यावरून सीएमएस-०३ गेला.

गोदाताई_नांदेड:

काका, तुमचं लिखाण दोनदा वाचलं. पण मला एक खटकतंय. हे सगळं सैन्याकडचं झालं. माझी बहीण किनवट भागात आरोग्य सेविका आहे. बाळंतपणाची केस पुढं पाठवायची असली की तिला रेंजसाठी टेकडीवर जावं लागतं. तिच्या उपकेंद्रावर जी छत्री बसेल तिला हॉपिंग असणार आहे का? नलिंग असणार आहे का? नसेल तर आम्हाला स्पष्ट सांगा, म्हणजे आम्ही आमची दुसरी सोय बघू.

तेरणाकाठ:

ताई, स्पष्टच सांगतो. सध्याच्या नेहमीच्या व्हीसॅटला, म्हणजे बँकेच्या-पंपाच्या छत्रीला, यातलं बहुतेक काही नसतं. दोन वॉटच्या आसपासचा बीयूसी, म्हणजे सिग्नल वर चढवणारा डबा, असतो आणि ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर ठरलेलं काम. पावसात सिग्नल पडला तर मोडेम आपोआप हळू पण दणकट कोडिंगवर जातो, तेवढाच आधार. हलक्या गडबडीत तो उपयोगी पडतो. कुणी ठरवून दाबलं तर नाही.

स्टारलिंकसारख्या खालच्या कक्षेतल्या उपग्रहांचं गणित थोडं बरं आहे. ते साधारण ५५० किलोमीटरवर असतात, म्हणजे जुन्या उपग्रहापेक्षा ६५ पट जवळ. ते स्थिर नसतात, डोक्यावरून भराभर पुढं सरकतात, आणि टर्मिनल, म्हणजे आपल्याकडची छत्री, थोड्या थोड्या वेळानं एकाकडून दुसऱ्याकडं जातं. एक उपग्रह दाबून काम भागत नाही. टर्मिनलचा अँटेना इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं बारीक बीम वळवतो, त्यामुळं जमिनीलगत आडवा येणारा आवाज त्याला कमी ऐकू येतो. युक्रेनमध्ये स्टारलिंकवर जॅमिंगचे हल्ले झाले तेव्हा कंपनीनं सॉफ्टवेअर बदलून बराच बचाव केला. स्थिर कक्षेतल्या जुन्या उपग्रहात एवढा बदल वरच्या वर करता येत नाही.

पण कवच म्हणून त्याच्याकडं बघू नका. टर्मिनलला स्वतःची जागा आणि वेळ कळायला जीपीएस लागतं. जीपीएसचा सिग्नल जमिनीवर येईपर्यंत इतका क्षीण होतो की वॉटमध्ये लिहायचा तर दशांशचिन्हानंतर पंधरा शून्यं द्यावी लागतात. तो दाबायला फार ताकद लागत नाही. म्हणून टर्मिनल जीपीएसशिवाय सावरू शकतं का, हा प्रश्न खरेदीच्या वेळीच विचारायला पाहिजे.

परभणी_केबल:

मी तालुक्याला केबलचा कंट्रोल रूम चालवतो. तेरणाकाठ दादांचं बरोबर आहे, पण एक गोष्ट पुढं आणतो. चित्र फुटलं की लोक लगेच "कुणीतरी जॅम केलं" म्हणतात. दहातल्या नऊ वेळा तसं नसतं.

दरवर्षी फेब्रुवारीच्या शेवटी-मार्चमध्ये आणि परत सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरमध्ये काही दिवस, ठरावीक वेळेला, दहा-एक मिनिटं चित्र जातं. सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागं येतो आणि छत्री सूर्याचाच गोंगाट ऐकते. सन आउटेज. ते आधीच काढता येतं, मी भिंतीवर वेळा लिहून ठेवतो.

दुसरं २०२२ नंतरचं. गावात फाइव्ह-जी आलं आणि माझ्या सी बँडच्या चार छत्र्यांवर चौकोन पडायला लागले. पंधरा दिवस केबल बदलली, कनेक्टर बदलले, रात्र रात्र छतावर काढली. मोबाइलवाल्यांचा पट्टा ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झ, आमचा ३७०० च्या पुढं. फ्रिक्वेन्सी वेगळी, पण आमची जुनी एलएनबी, म्हणजे छत्रीवरचा सिग्नल घेणारा डबा, ३४०० पासूनच सगळं आत घेते, आणि शेजारच्या टॉवरच्या ताकदीनं ती गुदमरत होती. शेवटी फीड (छत्रीसमोरचं तोंड) आणि एलएनबीच्या मधे बँडपास फिल्टर बसवला, तो ठरलेला पट्टाच आत सोडतो. विटेएवढा धातूचा डबा, दोन्ही बाजूला फ्लँज, मधे रबरी रिंग. आठ स्क्रू कसले आणि चित्र काचेसारखं झालं. त्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत. ग्राहक तुटायला लागले होते.

जॅमिंग ओळखायचं असेल तर आधी हे सगळं बाजूला काढता आलं पाहिजे.

तेरणाकाठ:

परभणीकर, हजार टक्के. माझीच चूक सांगतो.

सात-आठ वर्षांपूर्वी एका शाखेची छत्री बसवून मी निघून आलो. तिसऱ्या दिवशी हबवरून, म्हणजे सगळ्या छत्र्या सांभाळणाऱ्या मुख्य केंद्रावरून, फोन. "तुमची साइट दुसऱ्याच्या कॅरिअरवर चढायलीय." कॅरिअर म्हणजे ज्याचा त्याचा सिग्नल. एकाच फ्रिक्वेन्सीवर आडवं आणि उभं असे दोन ध्रुवीकरण वापरून दोन वेगळे ग्राहक चालतात. माझ्या छत्रीचा फीड वाऱ्यानं थोडासा फिरला होता आणि माझा आडवा सिग्नल उभ्यात सांडत होता. जॅमिंगच म्हणायचं ते, फक्त माझ्या हातून नकळत झालेलं. दुपारी दोन वाजता तापलेल्या पत्र्यावर चढलो. खांद्यावर फोन दाबून धरलेला, हबवरच्या पोरीनं साधा कॅरिअर चढवायला सांगितला. क्लॅम्प ढिला केला. ती म्हणायची "थोडं उजवीकडं... अजून... थांबा, जास्त झालं, केसभर मागं". पंचवीस मिनिटं ते केसभर मागं-पुढं चाललं. शेवटी ती म्हणाली "लॉक करा". नट कसला, खडूनं खूण केली. तेव्हापासून प्रत्येक साइटवर कसल्यानंतर खूण करतो आणि फोटो काढून ठेवतो. उपग्रहावरचा बहुतेक त्रास असा निष्काळजी हातांनी होतो. हे हात सुधारले तर खरा जॅमर लवकर उघडा पडेल, कारण त्याला लपायला गोंगाट उरणार नाही.

मुद्दाम केलेल्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. २७ एप्रिल १९८६ च्या मध्यरात्री एचबीओ वाहिनीवर चित्रपट चालू असताना रंगीत पट्ट्या आल्या आणि त्यावर 'कॅप्टन मिडनाइट' नावानं मजकूर आला. महिन्याला १२.९५ डॉलर देणार नाही, अशी तक्रार. साडेचार मिनिटं. वाहिनीनं सिग्नल सांकेतिक केल्यानं छत्री विकणाऱ्यांचा धंदा बसला होता, आणि हा माणूस, जॉन मॅकडूगल, त्यांतलाच एक. शिवाय फ्लॉरिडातल्या सिग्नल वर चढवणाऱ्या एका अपलिंक केंद्रावर नोकरीला. वाहिनीच्या लोकांनी आपली ताकद वाढवून बघितली, त्यानंही वाढवली. शेवटी उपग्रहालाच इजा होईल म्हणून वाहिनीनं माघार घेतली. तो सापडला तो अक्षरांच्या वळणावरून कोणतं यंत्र वापरलं हे कळल्यामुळं, आणि फोनवरचं त्याचं बोलणं कुणीतरी ऐकलं म्हणून. ५,००० डॉलर दंड झाला. त्याच वर्षी तिकडं कायदा कडक झाला. पुढं प्रत्येक कॅरिअरमध्ये पाठवणाऱ्याची ओळख दडवून ठेवायची पद्धत आली. आज तिला कॅरिअर आयडी म्हणतात. जॅमर स्वतःची ओळख घालणार नाही हे उघड आहे, पण चुकून त्रास देणारे लगेच सापडतात.

जालनेकर:

एवढी चर्चा झाली आणि आपल्या घरचा विषय कुणीच काढला नाही! दूरसंचार विभागाच्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनचं इंटरनॅशनल सॅटेलाइट मॉनिटरिंग अर्थ स्टेशन आपल्या जालन्यात आहे. जालना म्हटलं की लोकांना स्टील आणि बियाणं आठवतं, पण आकाशातल्या उपग्रहांचे सिग्नल मोजायचे, कोण ठरलेल्या फ्रिक्वेन्सीबाहेर जातंय, कुठून व्यत्यय येतोय ते बघायचं, हे देशाचं काम इथून चालतं. मला त्याचा फार अभिमान वाटतो. कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, दरवर्षी पोरांना हे सांगितल्याशिवाय राहत नाही.

जॅमर कुठं बसलाय हे शोधायची एक युक्ती पोरांना फार आवडते, तीही सांगतो. जॅमरची छत्री कितीही नीट वळवलेली असली तरी तिचा थोडा सिग्नल बाजूला सांडतोच, आणि तो शेजारच्या उपग्रहावरही चढतो. आता जमिनीवर दोन छत्र्या लावा, एक त्रास होणाऱ्या उपग्रहाकडं, दुसरी शेजाऱ्याकडं. एकच सिग्नल दोन वाटांनी येतो. दोन्हींच्या वेळेत बारीक फरक असतो, त्यावरून नकाशावर एक रेघ निघते. उपग्रह किंचित डुलत असतात, म्हणून फ्रिक्वेन्सीतही फरक पडतो. त्यातून दुसरी रेघ. दोन रेघा जिथं छेदतात त्याच्या आसपास तो माणूस.

माजी_सिग्नलमन_बीड:

शोधलं तरी पुढं काय, हाही प्रश्न आहेच. २००७ मध्ये इंटेलसॅट-१२ उपग्रहाच्या रिकाम्या जागेवरून श्रीलंकेतल्या एलटीटीई या बंडखोर संघटनेचं प्रक्षेपण विनापरवाना चालल्याचं उघड झालं, आणि कंपनीनं ते बंद पाडलं. पण बीबीसीची फारसी वाहिनी २००९ पासून पुनःपुन्हा दाबली गेली. सिग्नल इराणमधून येतो हे युटेलसॅट कंपनीनं शोधलं, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं २०१० मध्ये इराणला थांबवायला सांगितलं. त्रास तरीही चालू राहिला. संघाकडं नियम आहेत, पोलीस नाहीत. म्हणून आपली लाइन आपणच दणकट ठेवायची.

औसेकर:

एक छोटी गोष्ट. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चार वाजायच्या सुमाराला भूकंप झाला तेव्हा मी सातवीत होतो. आमच्याकडं किल्लारीची बातमी मोटारसायकलवरून आलेल्या माणसानं आणली. तो बोलू शकत नव्हता, नुसता हातानं "सपाट, सपाट" असं दाखवत होता. तिथं त्या पहाटे एक जरी चालू लाइन असती तर. तुमची तळमळ समजते, लिहीत राहा.

बालाघाटचा_पोऱ्या:

माझा प्रश्न मागं घेतो. आता सांगा, ग्रामपंचायतीनं किंवा आरोग्य केंद्रानं नेमकं काय विचारायचं?

तेरणाकाठ:

तीन गोष्टी. लाइन गेली तर कुणाला फोन करायचा आणि तो माणूस स्पेक्ट्रम बघून "हा बिघाड आहे की व्यत्यय" हे किती वेळात सांगणार, हे करारात लिहून घ्या. मोडेमचा पासवर्ड कंपनीनं दिलेला तसाच ठेवू नका, सॉफ्टवेअरचं अपडेट कोण करतं ते विचारा. का-सॅटवाले दारातूनच मारले गेले होते. आणि दुसरी वाट ठेवा. उपग्रह असेल तर सोबत फायबर किंवा मोबाइल, आणि मोठ्या केंद्रावर वायरलेस सेट. दोन वाटांना वीज वेगळी, रस्ता वेगळा.

आणखी एक. रेंज मिळावी म्हणून बाजारातून बूस्टर आणून पत्र्यावर बांधू नका. परवान्याशिवाय ते बेकायदा आहे आणि शेजारच्या सगळ्यांचा आवाज बिघडवतं. जॅमरचं तर नावच काढू नका, ते ठेवायची परवानगी ठरावीक सरकारी यंत्रणांनाच असते.

गोदाताई_नांदेड:

बहिणीला हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, दुसरी वाट म्हणजे टेकडी आहेच, ती कुणी जॅम करू शकत नाही. पण पावसात चढता येत नाही. वायरलेस सेटची मागणी ती लेखी देणार आहे. अर्जात काय शब्द घालायचे ते काकांनी सांगावं.

माजी_सिग्नलमन_बीड:

बेटा, मला निरोप पाठव. अर्ज मी लिहून देतो, सेट कुठला आणि अँटेना किती उंचीवर ते सुद्धा. गरज लागली तर स्वतः किनवटला येतो.

तेरणाकाठ:

आज एका ग्रामीण रुग्णालयात गेलो होतो, नाव घेत नाही. त्यांना अभिमानानं सांगायचं होतं की आमच्याकडं दोन लाइनी आहेत. छतावर जाऊन बघितलं. छत्रीची केबल आणि मोबाइलच्या राउटरची केबल एकाच लोखंडी खांबावरून, एकाच पाइपातून खाली उतरते, आणि खाली दोन्ही एकाच यूपीएसला लावलेल्या. यूपीएसची बॅटरी फुगलेली होती. फोटो काढले, डॉक्टरांना दाखवले. ते माझ्यासोबत जिन्यात उभे राहिले आणि दुसरा पाइप कुठून काढायचा ते विचारलं. मागच्या भिंतीवरून काढतोय, सोमवारी माणूस घेऊन जातो.